सेवा करा, पण सत्ता मागू नका?

"बायकांनी समाजसेवा करावी. राजकारण म्हणजे चिखल, त्यात त्यांना कशाला ओढायचं?" बापू एवढंच बोलले आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारची अख्खी संध्याकाळ त्यावरच गेली.

विषय निघाला वकिलांच्या भाचीमुळं. शाळेत तिचं क्रांतिवीरांगना हौसाताई पाटलांवर भाषण होतं. तिनं भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा प्रसंग सांगितला. १९४३ साल, हौसाताई सतरा वर्षांच्या. ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग, बाईला मारहाण, सोडवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात मागून साथीदारांनी बंदुका पळवल्या. टाळ्या पडल्या म्हणे.

"पडणारच," मास्तर म्हणाले. ते इतिहास शिकवून निवृत्त झालेत. "पण सगळे तिथंच थांबतात. बाई मार खाते आणि पुरुष बंदुका नेतात, एवढंच पोरांच्या डोक्यात राहतं. त्याच हौसाताई पुढच्या वर्षी गोव्याला गेल्या. पोर्तुगीजांच्या तुरुंगात असलेले साथीदार बाळ जोशी यांना सोडवण्याच्या कामगिरीवर. परतताना रात्री मांडवी ओलांडली ती लाकडी पेटीच्या आधारानं. हे भाषणात का येत नाही?"

बापू हळदीचे अडते, ते ऐकून घेणाऱ्यातले नव्हेत. "अहो मास्तर, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक होती ती. घरातच सगळं होतं."

"काय होतं घरात?" वकिलांचा आवाज चढला. "आई लहानपणीच गेली. नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली, ते भूमिगत झाले, इंग्रजांनी घर-जमीन जप्त केली. त्या पोरीला वारसा म्हणून मिळाली ती जप्ती."

मला वकिलांचं पटलं. नाना पाटील १९५७ ला उत्तर साताऱ्यातून खासदार झाले, दहा वर्षांनी बीडमधून पुन्हा लोकसभेत गेले. हौसाताईंच्या वाट्याला असं कोणतं पद आलं नाही. तरीही आपण त्यांना आधी लेक म्हणून ओळखतो, मग बाकीचं.

माई इतका वेळ गप्प होत्या. वाळवा तालुक्यात त्यांनी उभी नोकरी ग्रामसेविका म्हणून केली. त्या म्हणाल्या, "बापू, मला एक सांगा. इंग्रजांना न जुमानता साताऱ्यात उभ्या राहिलेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव तंटे सोडवले, दारू बंद केली, थोडक्या खर्चात गांधी लग्नं लावली. ही सेवा का राजकारण?"

"दोन्ही," बापू म्हणाले.

"मग त्यात निरोप, हत्यारं पोचवणाऱ्या बायकांनी केलं ते नुसती सेवा कसं झालं? कासेगावच्या इंदुताई पाटणकर घ्या."

इथून पुढं माईंना कुणी अडवलं नाही. इंदुताई मूळच्या कराडकडच्या इंदोलीच्या. बेचाळीसला घर सोडलं, प्रतिसरकारमध्ये हत्यारांची ने-आण केली. १९४६ मध्ये बाबुजी पाटणकरांशी लग्न झालं, आणि १९५२ मध्ये बाबुजींचा खून झाला. पदरात लहान मूल. त्यांनी शिक्षिकेची नोकरी केली, पोर वाढवलं, चळवळ सोडली नाही. पुढं ऐंशीच्या दशकात, साठीला टेकल्यावर, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घेऊन त्या कचेऱ्यांवर जाऊ लागल्या. मागण्या ऐकायला साध्या: वेगळं रेशनकार्ड, पोटगी, राहायला जागा.

"साध्या नव्हत्या," माई म्हणाल्या. "बाईचं नाव नवऱ्याच्या कार्डावर, नवरा दुसरीबरोबर. माहेरी भाऊ म्हणतो, तुझं इथं काय? तिला धान्य कुणाच्या नावावर मिळणार? सरकारच्या कागदावर ती बाई नव्हतीच. तिला कागदावर आणायचं म्हणजे कायद्याशी, गावाशी आणि भावकीशी एकदम भांडायचं. याला तुम्ही समाजसेवा म्हणून हार घालता आणि सुटता."

मला वाटतं, सगळ्या चर्चेतलं खरं बोलणं हेच होतं. बंदुकीचा प्रसंग सांगायला सोपा असतो, कारण समोरचा शत्रू गोरा. रेशनकार्डाच्या लढाईत समोर आपलाच चुलता, आपलाच सरपंच. म्हणून ती वर्षं भाषणात येत नाहीत. इंदुताई २०१७ मध्ये गेल्या, हौसाताई २०२१ मध्ये. २०१८ ला दिल्लीत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या हौसाताईंनी घरून पाठिंबा कळवला होता. स्वातंत्र्य मिळालं म्हणून या दोघींनी काम संपलं असं मानलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी.

मास्तरांचं थोडं वेगळं म्हणणं होतं. पद नसेल तर निर्णय दुसराच घेतो, असं ते म्हणाले. "१९९३ पासून गावात बायकांना एक तृतीयांश जागा आहेत, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. चळवळीनं दार ढकललं, पण खुर्चीवर बसल्याशिवाय भागत नाही."

"बसतात की," बापू म्हणाले. "आमची सूनच सरपंच हाय."

"सही कोण करतं?" माईंनी विचारलं.

"तीच करती."

"आणि ग्रामसभेत बोलतं कोण?"

"पोरगं बोलतंय. तिला सवय न्हाय हो माणसांत बोलायची."

"सवय कशी लागंल, बापू? तुम्ही बोलू दिलं तर लागंल."

बापू चिडले. आमच्या घरात कुणाला दाबून ठेवत न्हाई, हवं तर येऊन बघा, म्हणाले. माईंनी पिशवीतनं डायरी काढली आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारली. बापूंनी तिथंच सुनेला फोन लावला.