विमान चुकीचे चालेल, उड्डाण चुकीचे नको

एखादा नवा युद्धपट येऊन गेला की आम्हा विमानवेड्यांच्या गटात आठवडाभर जी चर्चा चालते, ती बाहेरच्या माणसाला विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. कथा, अभिनय, संगीत यांविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. पंखाखाली लावलेले क्षेपणास्त्र त्या वर्षी हवाई दलात आलेलेच नव्हते, शेपटीवरचा क्रमांक भलत्याच स्क्वाड्रनचा आहे, किंवा उड्डाण करणारे विमान आणि पुढच्याच दृश्यात उतरणारे विमान वेगवेगळ्या प्रकारचे आहे, अशा मुद्द्यांवर मात्र रात्री उशिरापर्यंत वाद रंगतात. घरातील मंडळी विचारतात, "अरे, पण पिक्चर कसा होता?" आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी बहुतेकांकडे नसते.

कोल्हापूरच्या माणसाला हा स्वभाव समजावून सांगण्याची तशी गरज नसावी. पडद्यावर कुस्ती सुरू झाली की तालमीत घाम गाळलेली मंडळी नायकाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, त्याच्या पायांकडे बघतात. "ह्यो डाव असा लागतोय व्हय? खालच्याचं वजन गेलं कुठं?" असा शेरा मागच्या रांगेतून हमखास येतो. लांगेचा रंग चुकला म्हणून तक्रार करणारा वस्ताद मी पाहिलेला नाही. वजन चुकले की मात्र तो गप्प बसत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आम्ही विमानवेड्यांनीही तक्रारींचा हाच क्रम ठेवावा, कारण सध्या आमच्यातील बरेच जण लांगेच्या रंगावरच अडकलेले आहेत.

'बॅटल ऑफ ब्रिटन' या १९६९ सालच्या चित्रपटाचे उदाहरण घ्या. त्यातील जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमाने ही खरे तर स्पेनमध्ये बांधलेली 'बुचॉन' विमाने आहेत आणि हाइन्केल बॉम्बरही स्पॅनिश बनावटीचे आहेत. गंमत अशी की या दोन्ही स्पॅनिश विमानांना इंजिने होती रोल्स रॉइसची मर्लिन, म्हणजे समोरून येणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायर विमानाला होती त्याच घराण्यातली. जाणकाराला हे नाकाच्या आकारावरून लगेच कळते. तरीही हवाई चित्रणाचा विषय निघाला की आमच्यातील जुनी माणसे आजही त्याच चित्रपटाचे नाव घेतात, कारण त्यातील आकाशात खरी विमाने खऱ्या वैमानिकांनी उडवलेली आहेत. पंख कलला की नाक किंचित खाली जाते, वळणात शिरताना यंत्राला क्षणभर लागतो, आणि दोन विमाने एकमेकांजवळून गेली की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

'डंकर्क' या २०१७ सालच्या चित्रपटावरही आक्षेप पुष्कळ घेतले गेले. जर्मन विमानांची पिवळी नाके डंकर्कच्या माघारीनंतरच्या काळातील आहेत, हा आक्षेप बरोबर आहे. इंधन संपल्यावर स्पिटफायर ज्या निवांतपणे तरंगत राहते आणि त्या अवस्थेत शत्रूचे विमानही पाडते, ते पटण्यासारखे नाही, हा आक्षेप त्याहून अधिक बरोबर आहे. पण त्या चित्रपटात वैमानिक इंधनाचा हिशेब खडूने डॅशबोर्डवर लिहून ठेवतो आणि प्रत्येक निर्णयाआधी त्या आकड्यांकडे बघतो. उड्डाणाची जाण असलेल्या माणसाशिवाय हे कोणाला सुचले नसते. या एका तपशिलासाठी मी सगळी पिवळी नाके माफ करतो.

उड्डाण 'बरोबर' दिसणे म्हणजे नेमके काय? विमानाला वजन असते आणि वेग फुकट मिळत नाही, या दोन गोष्टी पडद्यावर जाणवल्या पाहिजेत. जोरात वळले की वेग जातो, वर चढले की वेग जातो, आणि गेलेला वेग परत मिळवायचा तर खाली यावे लागते किंवा इंधन जाळावे लागते. ज्यांना हे पुस्तकातून पटत नसेल त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी उजळाईवाडीला कोल्हापूर विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून एखादे एटीआर, म्हणजे पंख्याचे छोटे प्रवासी विमान, उतरताना बघावे. आडवा वारा असला की ते नाक वाऱ्याकडे वळवून तिरकेच खाली येते, पंख सतत थोडे वरखाली होत राहतात, आणि चाके टेकण्याच्या बेतात असताना नाक सरळ केले जाते. साधे प्रवासी विमानसुद्धा आकाशात रुळावरून चालल्यासारखे कधीच चालत नाही. संगणकावर रंगवलेली बरीचशी लढाऊ विमाने मात्र तशीच चालतात, आणि म्हणूनच सामान्य प्रेक्षकालाही, कारण सांगता आले नाही तरी, ती खोटी वाटतात.

ही अक्कल सिनेमाला अगदी सुरुवातीपासून होती. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला ऑस्कर मिळवणाऱ्या 'विंग्ज' या १९२७ सालच्या मूकपटाचे दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धातील वैमानिक होते. त्यांनी चित्रीकरण थांबवून ढगांची वाट पाहिली, कारण निरभ्र आकाशात विमान कितीही वेगाने गेले तरी मागे काहीच हलत नसल्यामुळे ते टांगल्यासारखे दिसते. निर्मात्यांचा पैसा वाया जात होता, पण वेलमन ढग येईपर्यंत हलले नाहीत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच कॅमेरा घडवला, तेथील माणसाला हा हट्ट नक्कीच समजेल.

आता अलीकडच्या हिंदी युद्धपटांकडे येतो. विमाने खरी मिळतात, हवाई दलाचे सहकार्य मिळते, खर्चही कमी नसतो. तरीही झुंज सुरू झाली की सगळे भान सुटते. सुखोई-३० च्या ३० मिलिमीटर तोफेला १५० गोळ्या असतात आणि त्या पाच-सहा सेकंदांत संपतात. पडद्यावर ती तोफ मध्यंतरापर्यंत चालते. क्षेपणास्त्राचे इंजिन काही सेकंद जळते आणि नंतर ते धूर न सोडता केवळ मिळालेल्या वेगावर जाते. पडद्यावर ते धुराची शेपटी घेऊन नायकाचा दऱ्याखोऱ्यांतून पाठलाग करते. फ्लेअर, म्हणजे विमानातून सोडलेले जळते गोळे, उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला फसवतात, रडारवर चालणाऱ्याला नाही. पडद्यावर ते सगळ्यांनाच फसवतात. चेहरा दिसावा म्हणून मास्क काढला जातो आणि सहा-सात जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सहा-सात पट भार, सहन करत असताना, ज्या अवस्थेत श्वास घेणे हेच मोठे काम असते, नायक शत्रूला ठणठणीत आवाजात टोला लगावतो. 'टॉप गन : मॅव्हरिक'चे कथानक तर याहूनही अशक्य आहे, कारण त्यात शत्रूच्या तळावरून चक्क एफ-१४ लढाऊ विमान पळवले जाते, पण नटांना खऱ्या एफ-१८ च्या मागच्या आसनावर बसवून, कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे लावून चित्रण केल्यामुळे त्यांच्या गालांची कातडी खरोखर खाली ओढली गेलेली दिसते, आणि मग पुढची थाप आपण हसत गिळतो.

हवाई दलातून निवृत्त झालेले, जिल्ह्यातलेच एक काका आहेत. त्यांचा राग आणखी वेगळा आहे. "तुमचा हिरो पळत येतो, उडी मारून बसतो आणि निघतो. इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिना कोण काढणार? त्या मोजून कोण दाखवणार?" असे ते विचारतात. ज्यांनी विमान उडण्यायोग्य केले ती माणसेच पडद्यावर नसतात, हे त्यांचे दुःख आमच्या सगळ्या तांत्रिक तक्रारींपेक्षा मोठे आहे, असे मला वाटते.

यावर ठरलेला प्रतिवाद असा असतो की एवढे खरे हवे असेल तर माहितीपट पाहा, चित्रपटाला नाट्य लागते. दोन विमाने एका चौकटीत मावावीत म्हणून ती जवळ आणावी लागतात, एवढी सवलत मीही देतो. आजच्या हवाई युद्धात शत्रू बहुधा डोळ्यांना दिसतच नाही, आणि ते जसेच्या तसे दाखवणे अवघड आहे. पण खरेपणा आणि नाट्य यांचे वैर आहे, हे मला मान्य नाही. लोंगेवालाची लढाई आठवा. १९७१ च्या डिसेंबरमधील त्या रात्री जैसलमेरची हंटर विमाने रात्री लढण्यास सज्ज नव्हती, म्हणून जवानांना उजाडेपर्यंत तग धरावा लागला. 'बॉर्डर'मधील सगळा ताण या एका तांत्रिक मर्यादेवर उभा आहे. हंटर रात्री उडाले असते तर तो चित्रपटच झाला नसता.

किंवा पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरील ७ सप्टेंबर १९६५ चा हल्ला घ्या. राखीव म्हणून निघालेले आपल्या हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर देवय्या यांच्या मिस्टियर विमानाची गाठ पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरशी पडली. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे. मिस्टियर सरळ उड्डाणात आवाजाचा वेगही गाठू न शकणारे. तरीही स्टारफायटर पडले. त्याचे पंख इतके आखूड आणि पातळ होते की घट्ट वळण हा त्याचा दुबळेपणा होता, आणि वेगाचा फायदा सोडून ते वळणांच्या झुंजीत उतरले. देवय्या परत आले नाहीत. त्यांना महावीर चक्र मिळाले ते १९८८ मध्ये, त्या झुंजीची हकिगत पाकिस्तानच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासातून बाहेर आल्यावर. २०२५ मध्ये यावर आधारलेला 'स्काय फोर्स' आला, पात्रांची नावे बदलून. त्यात आवेश भरपूर आहे. पण वेगवान विमान वळणावर का हरते, हे त्या झुंजीचे मर्म मला पुरेसे जाणवले नाही. कोणी पुन्हा हा विषय हाती घेतला तर त्या वळणांना चार मिनिटे द्यावीत, संवाद पूर्ण काढून टाकावेत, आणि प्रत्येक फेरीत स्टारफायटरचा वेग किती उतरला ते वेगमापकाच्या काट्यावर दाखवावे. मिस्टियर संगणकावर बनवलेले असले तरी चालेल. शेपटीवरचा क्रमांक चुकला तर गटातील मंडळी बोलतीलच, पण माझी तक्रार नसेल.