दादांचा शब्द

दरवर्षी २४ जुलै जवळ आला की सांगलीत वसंतदादा पाटलांनी तुरुंग फोडल्याची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण खांद्यात घुसलेल्या गोळीपाशी येऊन आपण थांबतो आणि पुढच्या चार दशकांहून अधिक काळाची बोळवण 'मग दादा राजकारणात गेले' एवढ्या एका वाक्यात करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. हे दोन दादा वेगळे नव्हते, असे माझे मत आहे.

दादा मूळचे सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. १९१७ चा जन्म. तान्हेपणीच साथीच्या रोगात आईवडील गेले, आजीने वाढवले, शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. पकडले गेल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. २४ जुलै १९४३ रोजी भर दिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तटावरून खंदकात उड्या घेतल्या. जुलैतली कृष्णा ज्याने पाहिली आहे त्यालाच समजेल की तिच्या दिशेने धावणे म्हणजे काय. दोन्ही काठ सोडून लाल गढूळ पाणी सुसाट चाललेले असते आणि समोर नदी, मागे शिपाई अशी ती कोंडी होती. त्या दिवशी अण्णा पत्रावळे आणि बाबुराव जाधव यांना मरण आले. दादांच्या खांद्यात गोळी लागली, ते पुन्हा पकडले गेले आणि १९४६ मध्ये सुटले. पत्रावळे आणि जाधव ही नावे आज सांगलीतल्याच किती मुलांना ठाऊक आहेत, हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो.

भूमिगत माणूस जगतो तो केवळ दुसऱ्याच्या भरवशावर. रात्री भाकरी कोण देईल, कोणाच्या गोठ्यात पाठ टेकता येईल, फौजदार दारात आला तर कोण तोंड उघडणार नाही, याचा कागद कुठेच केलेला नसतो. माणूस ओळखायचा आणि त्याच्या हाती जीव द्यायचा, ही सवय दादांना त्या दिवसांत लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही, असे मला वाटते. त्यांचे मोठे काम त्या सवयीतून झाले आणि त्यांचे मोठे धक्केही तिनेच दिले.

१९५२ मध्ये ते सांगलीतून आमदार झाले. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने वाट दाखवली होती. त्या वाटेने सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आमच्या घरात आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या कारखान्याचा शेअर दाखला होता. घडीच्या जागी फाटलेला, मागून कापडाची पट्टी चिकटवलेला. कोरडवाहू शेतीवर घर चालवणाऱ्या माणसाने न बांधलेल्या कारखान्यात पैसे घातले ते कशाच्या बळावर, असे मी लहानपणी विचारले होते, तेव्हा आजोबा म्हणाले, "दादांनी सांगितलं हुतं." यापलीकडे त्यांना कारण द्यावेसे वाटले नाही. हजारो घरांतून अशी पुंजी जमली, तेव्हा ती चिमणी उभी राहिली.

मुख्यमंत्री म्हणून ते १९७७ मध्ये आले. १९७८ च्या निवडणुकीनंतर फुटलेल्या काँग्रेसच्या दोन्ही गटांच्या आघाडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले, आणि त्याच जुलैत शरद पवार बाहेर पडल्यावर सरकार कोसळले. 'पाठीत खंजीर' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणाला त्या घटनेने चिकटला. त्यातल्या डावपेचांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यात पहारा न ठेवणारा माणूस दिसतो. फितुरीची शक्यता गृहीत धरून वागणे दादांच्या पिंडातच नव्हते.

१९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने घेतला. या निर्णयावरून त्यांना आजही दूषणे दिली जातात. सांगली-मिरजेच्या माणसाला त्याची पार्श्वभूमी वेगळी सांगायला नको: चार पैसे असलेल्यांची मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात होती आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांची मुले गावातच राहत होती. स्वतः सातवीवर थांबलेल्या माणसाने महाराष्ट्रातच दारे उघडली, यात मला दूरदृष्टी दिसते. चूक झाली ती दार उघडल्यावर. संस्था काढणारा प्रत्येक जण आपल्यासारखाच लोकांच्या पैशाला भिऊन वागेल, असे धरून चालणे चुकीचे होते. शुल्कावर आणि गुणवत्तेवर कडक लक्ष ठेवणारी व्यवस्था त्याच वेळी उभी करायला हवी होती. ती झाली नाही आणि पुढे शिक्षणसम्राट हा शब्द आपल्या भाषेत रुळला. दादांवर माझी कितीही श्रद्धा असली तरी हे मी नाकारू शकत नाही.

कारखान्याचेही तेच झाले. ज्याच्या शब्दावर पैसे जमले तो माणूस १ मार्च १९८९ रोजी गेला. आज कारखान्याला त्यांचे नाव आहे, पण कर्जाच्या ओझ्याखाली तो भाडेतत्त्वावर खासगी कंपनीला चालवायला द्यावा लागला. ही बातमी वाचली त्या दिवशी मी ट्रंक उघडून तो दाखला बाहेर काढला. शाई अजून स्पष्ट आहे. आजोबांची सही नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, आणि तो दाखला मी अजून जपून ठेवला आहे.