मजकुराचे पैसे वेगळे

गेल्या दिवाळीपासून आमच्या बिलात एक ओळ वाढली आहे. डिझाइन, छपाई, फिटिंग या सगळ्यांच्या वर, पहिलीच ओळ: 'मजकूर, मराठी व कन्नड'. पुढे रक्कम. या एका ओळीवरून मला जेवढं समजावत बसावं लागलंय तेवढं जीएसटीवरूनसुद्धा लागलं नव्हतं. "मजकुराचे कसले पैसे वो ताई? चार शब्द तर हायत." जुनी, घरच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत, रागानं म्हणत नाहीत. त्यांना खरोखर प्रश्न पडतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर आमची छोटी जाहिरात एजन्सी आहे. चार माणसं. मी मजकूर लिहिते, बैलहोंगलचा एक मुलगा डिझाइन करतो, एक जण गिऱ्हाइकं आणि वर्तमानपत्रांची बुकिंग बघतो, आणि एक मुलगी अर्धा दिवस हिशेब लिहिते आणि अर्धा दिवस वसुलीचे फोन करते. कामं म्हणाल तर गावात जे जे विकलं जातं ते सगळं: शहापूरची साडीदुकानं, कुंदा मिठाईचे डबे, उद्यमबागेतल्या फौंड्रींचे कॅटलॉग, क्लासवाल्यांची पत्रकं, शिवजयंतीच्या चित्ररथांवरचे फलक. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मंडळांचे अहवाल घेऊन पोरं रात्री अकराला जिना चढतात. बेळगावात सार्वजनिक गणपती 1905 पासून बसतो, त्यामुळे अहवालाच्या पहिल्या पानावर आपल्या मंडळाचा इतिहास हवाच असा प्रत्येकाचा आग्रह असतो. तो इतिहास ती पोरं तोंडी सांगतात, मी लिहून घेते. त्याचेही पैसे आम्ही आजवर कधी लावले नाहीत, आणि मंडळांना पुढेही लावणार नाही.

मी या धंद्यात आले तेव्हा खडेबाजारात एक पेंटर काका बोर्ड रंगवायचे. त्यांचा दर अक्षरावर. अक्षर मोठं तर जास्त, सावली द्यायची तर आणखी जास्त, काना-मात्रा-वेलांटी फुकट. त्यामुळे दुकानदार बोर्ड सांगायला यायचा तो घरूनच बोटं मोजून यायचा. तरी एखादा 'आमच्या येथे सर्व प्रकारचे कापड योग्य दरात मिळेल' असं घेऊन आलाच, तर काका विचारायचे, "बोर्ड तुमच्याच दारावर लागणार न्हवं? मग 'आमच्या येथे' कशाला? आणि अयोग्य दर कोण लिवतंय?" एकेक शब्द गळत जायचा आणि शेवटी जे उरायचं ते लांबून, बसमधून, पावसातूनसुद्धा वाचता यायचं. मजकूर कसा लिहावा हे मी कुठल्या कोर्सात शिकले नाही, काकांच्या स्टुलाशेजारी उभी राहून शिकले.

मग फ्लेक्स आला आणि दर चौरस फुटावर गेला. दोन शब्द घाला नाहीतर दोनशे, पैसे तेवढेच. तेव्हापासून बोर्ड भरायला लागले. मालकाचा फोटो, तीन फोन नंबर, सगळ्या भावांची नावं, 'आमची कोठेही शाखा नाही'. 2016 मध्ये कर्नाटकात प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आली. आम्ही कापडावर छापायला लागलो, फुटाचा दर वाढला, तोही लोकांनी दिला. कापडाला किंमत असते हे सगळ्यांना मान्य आहे. शब्द मात्र तेव्हा जे फुकट झाले ते फुकटच राहिले. वर्तमानपत्रात जाहिरात कॉलम सेंटीमीटरवर मोजतात. तिथे निदान जागा महाग असल्यामुळे लोक दोन शब्द कमी करतात, पण ते जागेच्या भीतीनं.

एक काम जरा जवळून दाखवते, म्हणजे मी कशाचे पैसे मागतेय ते कळेल.

शहापूरच्या एका साडीदुकानाचा लग्नसराईचा बोर्ड होता. मालक अण्णा फोनवरून ओळ तयार करूनच आले होते: 'आपल्या खास क्षणांना द्या परंपरेचा स्पर्श'. खाली तीच कन्नडमध्ये. फोननंच दोन्ही करून दिलेलं. वाचायला काही चुकीचं नाही त्यात. पण हे वाक्य साडीचं आहे, सोन्याचं आहे, की सोफासेटचं, ते सांगता येत नाही. मी अण्णांना विचारलं, लग्नाची यादी घेऊन बायका येतात तेव्हा नेमकं काय मागतात? ते म्हणाले, "काय मागत्यात? पहिल्यांदा नवरीचा शालू. त्यात दोन तास जात्यात, पोरगी ऐकत न्हाई कुणाचं. मग मानाच्या. आणि ओटीची साडी आई घेतीया, तिथं पोरगी काय बोलत न्हाई."

ओळ तिथेच होती. 'शालू तिच्या पसंतीचा, ओटीची साडी आईच्या.' मी फक्त उचलली.

आता कन्नड. मी शाळेत कन्नड शिकले, बाजारात रोज बोलते, पण लिहिताना कोशाचा आधार घेते. 'ओटी'साठी मी 'मडिलु' लिहिलं. डिझायनर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अक्का, हे बेंगळूरकडचं. आमच्याकडं उडि म्हणतात. उडि तुंबोदु." त्यानं तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. त्या माउलीनं आपल्या बहिणीच्या लग्नातली ओटीची साडी कुणी आणली, कुठल्या रंगाची होती, पदर कसा होता, हे सगळं सांगितलं. वीस मिनिटं आम्ही चौघं काम थांबवून ऐकत बसलो. त्या बोलण्यातून कन्नड ओळ निघाली. तिच्यात आई नाही, 'तवरु मने' आहे, म्हणजे माहेर. मराठी ओळीचं भाषांतर केलं असतं तर हा शब्द आलाच नसता. आणि 'मडिलु'च ठेवला असता तर बैलहोंगल-गोकाककडून लग्नाच्या खरेदीला येणाऱ्या बायकांना ते दुकान परक्या गावचं वाटलं असतं. साडीच्या नावाचंही तसंच. बागलकोट जिल्ह्यातलं इळकल गाव, तिथली साडी. मराठी बाई तिला इरकल म्हणते, कन्नड बाई इळकल. एकाच बोर्डावर दोन्ही आपापल्या जागी हवेत. सगळीकडे 'इल्कल' लिहून मोकळं झालं की ते दोघींचंही राहत नाही.

अशा दोन ओळींना आमचा दीड दिवस गेला. बोर्ड छापायला चाळीस मिनिटं लागली.

बोर्डाच्या मापाचंही सांगते, कारण हल्ली पहिला प्रश्न तोच असतो. कन्नड भाषेच्या कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर राज्यात दुकानाच्या फलकावर 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. 10 बाय 4 चा बोर्ड म्हणजे 40 चौरस फूट. 24 कन्नडला, उरलेल्या 16 मध्ये मराठी, इंग्रजी, पत्ता आणि फोन. सीमाभागात यावर काय काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. ते दुःख माझ्याही घरात आहे, तो वाद मी इथे काढत नाही. मी कामाचं बोलते. ज्या मराठीला बोर्डावर पाच-सहा फूट उरले, तिच्यातला एकही शब्द आता वाया घालवणं परवडणारं नाही. पाच फुटांत वाईट मराठी लिहून आपण कुणाचं काय राखलं? आणि 24 फूट आहेत म्हणून कन्नड कसंही चालेल, असंही नाही. ते वाचणारं माणूसही जिवंत कानाचं आहे.

अक्षरांचा तर वेगळाच जाच. कन्नड अक्षर गोल आणि रुंद, जोडाक्षराचा भाग खाली लोंबतो. देवनागरी वरच्या रेघेला टांगलेली. संगणकात दोन्हींना मापाचा एकच आकडा दिला तर डोळ्याला एक मोठं दिसतं, एक छोटं, म्हणून आमचा मुलगा आकडा बघतच नाही, चार पावलं मागं जाऊन बघतो. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा, पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे देतात. आणि एकदा आमची मोठी चूक झाली. 'नव्या कोऱ्या' असा मजकूर होता. फाइल एका फॉन्टमधून दुसऱ्यात गेली आणि 'ऱ्य' मोडून 'र्य' झाला. 'नव्या कोर्या'. वीस फुटांचं कापड, रात्री फिटिंग झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त गुरुजी, ओळख ना पाळख, विचारत विचारत आमचा जिना चढून आले. पाणी घेतलं आणि म्हणाले, "बाळ, हा शब्द मराठीत नाही." आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा छापलं. तेव्हापासून शेवटचं प्रूफ एक जण मोठ्यानं वाचतो आणि दुसरा अक्षरावर पेन्सिल धरून बघतो, मग कितीही उशीर होऊ दे. त्या अर्ध्या तासाचे पैसेही त्या ओळीत आहेत.

बाहेरच्या कामाचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून लागतं. एका मोठ्या कंपनीची मोहीम आमच्याकडे आली होती. इंग्रजीत सगळं तयार, संध्याकाळपर्यंत मराठी आणि कन्नड 'करून द्या' म्हणाले. मी सांगितलं, दोन दिवस द्या, दोन्ही भाषांत नव्यानं लिहिते, तुमची वस्तू इथे कोण आणि कशासाठी घेतं ते माहीत आहे मला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, लोकल आहे, चालतं." त्यांनी ते दुसरीकडून करून घेतलं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर अर्धं पान आलं, वाचून जीव कळवळला. इथला माणूस घरी मराठी बोलतो, कचेरीत कन्नड, बांधावर दोन्ही मिसळून. एका भाषेत वाढलेल्या माणसाच्या कानावरून खोटं वाक्य सुटेल एखाद वेळी, याच्या कानावरून सुटत नाही. त्यालाच 'चालतं' म्हणायचं?

उलट बाजूही आहे, ती लिहिली नाही तर अन्याय होईल. एका कुंदेवाल्यानं मला सकाळी सहाला भट्टीवर बोलावलं. म्हणाला, "आधी बघा, मग लिवा." दूध आटत आटत बदामी होईपर्यंत मी कढईशेजारी उभी राहिले. डब्यावर फक्त 'दूध आटेपर्यंत थांबतो' एवढंच आहे आणि कन्नडमध्ये त्याहून एक शब्द कमी. त्यानं त्या ओळीचे पैसे न विचारता दिले. बिलात वेगळी ओळ घालायचं धाडस मला त्याच्यामुळे झालं.

शहापूरच्या अण्णांनी बिल वाचलं तेव्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं होतं. मी त्यांना साडीच्या दोन ओळी, डिझायनरच्या आईचा फोन, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग शंभर रुपये कमी करा की म्हणाले, मी केले नाहीत, त्यांनी दिले.

उद्या येळ्ळूरचे काही शेतकरी येणार आहेत. बेळगाव बासमतीच्या पाच किलोच्या पिशव्या करायच्या आहेत, दोन्ही भाषांत. मी त्यांना येताना घरचा मूठभर तांदूळ आणायला सांगितलाय, इथे शिजवून वास घेऊ आणि मग लिहायला बसू. मजकुराचे पैसे वेगळे, हे फोनवरच सांगून ठेवलंय.