खापर पुरातत्त्ववाल्यांच्या डोक्यावर

रस्ता रखडला की खापर फोडायला पुरातत्त्ववाले आयते सापडतात, आता त्यांचा धंदाच खापरांचा आहे म्हणा 😄 पण खरं सांगू का, रस्त्याच्या वाटेत जमिनीखाली जुने अवशेष आहेत का हे बघणाऱ्या सर्व्हेमुळे रस्ता अडत नाही, उशिरा केलेल्या सर्व्हेमुळे अडतो. जुने नकाशे बघणं, लायडार (विमानातून लेझर मारून जमिनीचे चढउतार मोजणं) आणि हवाई फोटो, शेतातून रांगेत चालत खापऱ्या वेचणं, मॅग्नेटोमीटर (जमिनीतल्या चुंबकीय फरकावरून गाडलेल्या भट्ट्या, खड्डे ओळखणारं यंत्र) फिरवणं, मग ठरावीक अंतरावर चाचणीचे चर खणणं, हे सगळं रस्ता कागदावर असतानाच झालं तर रेघ जरा सरकवता तरी येते. जमीन घेऊन झाली, टेंडर निघालं आणि मग जेसीबीच्या बकेटमध्ये कवटी आली तर काय करणार, मशिनं भाड्याची उभी आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

मला यातली भारी गोष्ट वेगळीच वाटते. संशोधक स्वतःहून खणायला जातो तेव्हा टेकाड बघतो, किल्ला बघतो. रस्त्याला असली आवडनिवड नाही, तो कुठल्याही साध्या शेतातून जातो. म्हणून तर इंग्लंडमध्ये केंब्रिज ते हंटिंग्डन ए-१४ महामार्गाच्या कामात अडीचशेच्या आसपास लोक खणत होते आणि मिळालं काय, तर गावंच्या गावं, रोमन काळातल्या कुंभारभट्ट्या, आणि चक्क दोन हजार वर्षांहून जुन्या बिअरच्या खुणा! तसंच २००९ मध्ये वेमथच्या नव्या रस्त्यावर रिजवे हिलला एका खड्ड्यात मुंडकी उडवलेली पन्नासेक माणसं निघाली, दात तपासले तर मंडळी स्कँडिनेव्हियाकडची, व्हायकिंग. तिथे मुद्दाम खणायला कोण गेलं असतं?

उलटं उदाहरण आयर्लंडचं. टारा या प्राचीन राजांच्या टेकडीजवळ लिसमलिनला एम-३ महामार्गाच्या वाटेवर २००७ मध्ये लाकडी खांबांच्या खड्ड्यांचं मोठं वर्तुळ सापडलं, राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीरही झालं, पण तोवर रस्ता ठरून चुकला होता. नोंदी घेतल्या आणि वरून रस्ता गेला.

पैशाचं म्हणाल तर पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठीच्या युरोपच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारातच आहे की मोठ्या कामांच्या बजेटमध्ये हा खर्च आधीच धरायचा. मला खटकतं ते हे, की सर्व्हेवाल्याचं बिल बहुतेक वेळा रस्ता बांधणाराच भरतो, मग "काही सापडलं नाही" हे खरंच सापडलं नाही म्हणून लिहिलंय की लवकर आटपायचं होतं म्हणून, ते कसं ओळखायचं? रिपोर्ट लोकांना वाचायला मिळाला तर कोणीतरी तपासेल ना. पण होतं काय, खापऱ्या खोक्यात, रिपोर्ट कपाटात आणि वर डांबर.