रविवारी रात्री बाराला कोणी आलं नव्हतं

नमस्कार साहेब,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं, की आमच्या हजेरीच्या शीटमध्ये रविवारी सगळे कामगार रात्री बाराला आलेले दिसतात, वॉचमनची ड्युटी सोळा तास भरते आणि ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसता 'नेम' एरर येतो.

जुन्या कॉम्प्युटरचं आधी. मिनइफ्स आणि मॅक्सइफ्स (शीटमध्ये त्या तारखेची सर्वांत आधीची आणि सर्वांत नंतरची वेळ काढणारी फंक्शन्स) एक्सेल २०१९ पासून आहेत, हे कोटेशनवर लिहिलं होतं. तुमच्याकडे २०१६ आहे, त्याला ही नावं ओळखता येत नाहीत, म्हणून 'नेम'. तेच चालवायचं असेल तर मिन आणि इफ जोडून अ‍ॅरे फॉर्म्युला टाकून देतो. त्याला मात्र कंट्रोल-शिफ्ट-एंटर लागतं.

रविवारचे बारा म्हणजे शून्य. त्या तारखेला एकही पंच (मशीनवरची हजेरीची नोंद) सापडला नाही, की मिनइफ्स शून्य देतं. एक्सेलच्या हिशेबात अख्खा दिवस म्हणजे १, सकाळचे सहा ०.२५, आणि शून्य म्हणजे मध्यरात्र. तिथे 'पंच नाही' असं आणता येतं, किरकोळ काम आहे. रिकामं मात्र ठेवू नका. रिकामा रकाना दिसला, की पगाराच्या दिवशी कोणीतरी हाताने 'नऊ वाजता' भरतंच!

आता वॉचमन. तो रात्री दहाला येतो, सकाळी सहाला जातो. शीट एका तारखेचा पहिला आणि शेवटचा पंच उचलते. पहिला मिळतो सहाचा, तो कालची पाळी संपल्याचा; शेवटचा दहाचा, तो आजची सुरू झाल्याचा. झाले सोळा तास. शीट सांगितलीत तेव्हा नऊ ते सहा ही एकच पाळी होती, वॉचमन मशीनवर नंतर आला.

त्याच्यासाठी वेगळा कॉलम घ्या. पंचच्या तारीख-वेळेतून ०.५, म्हणजे बारा तास, वजा करून इंट लावा, म्हणजे वेळेचा अपूर्णांक जाऊन नुसती तारीख उरते. ५ तारखेचा रात्री दहाचा आणि ६ तारखेचा सकाळी सहाचा, दोन्ही पंच ५ तारखेत येतात. फॉर्म्युल्यात तारीख या कॉलमची, पण वेळ मूळ पंचची, तीही तारखेसकट. नुसती वेळ घेतलीत तर पुन्हा सोळाच. आणि दिवसपाळीला हे लावू नका, नऊचा पंच आदल्या दिवसात जाईल.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पगाराआधी करून देतो. रात्रपाळीच्या कामाचे पैसे वेगळे पडतील, ते फोनवर बोलू.