मेंदू सेनापती, पाय शिपाई?

'मेंदू सेनापती, शरीर शिपाई. हुकूम सुटल्याशिवाय पाऊल हलत नाही. मेंदू पक्का झाला की बाळ चालतं. सराव म्हणजे तोच हुकूम बिनचूक घोटणं.' हा मजकूर मला तीन नातेवाइकांनी पाठवला. वाचायला झोकदार आहे, पण बराचसा चुकीचा.

हुकमाशिवाय पाऊल नाही? टॅड मॅकगीर या अभियंत्याने १९९०च्या सुमारास कॅनडात पायांचं एक यंत्र केलं. त्याला ना मोटर, ना संगणक. हलक्या उतारावर सोडलं की ते आपसूक चालत जाई. पायांची लांबी, वजनाची वाटणी, तळव्याची गोलाई आणि उतार, एवढ्यावर चाल जमत होती. यंत्राचं सोडा म्हणाल, तर १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला. तरी पायांच्या स्नायूंचा आलटून-पालटून चालणारा ठेका उमटला.

बाळाचं उदाहरण तर मजकूरवाल्याच्याच अंगावर उलटतं. नवजात बाळाला त्याच्या काखांखाली हात घालून उभं धरलं आणि तळवे टेकवले की ते पावलं टाकतं. घरातली आजी म्हणते, "बघा, निघाली स्वारी!" दोनेक महिन्यांत हे बंद होतं. मेंदू वाढला, त्याने ही सवय दाबली, असंच पाठ्यपुस्तकी उत्तर होतं. एस्थर थेलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना ते पटेना, कारण तेच बाळ उताणं झोपलं की तशाच लाथा झाडत होतं. मग उभं केल्यावर दाबणारा मेंदू कुठून येतो? त्यांनी मांड्यांकडे पाहिलं. या वयात पायांवर चरबी भराभर चढते, ताकद मागे राहते. १९८४च्या प्रयोगात त्यांनी बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं. पाय हलके झाले आणि पावलं परत आली! पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, तर ती कमी झाली. मेंदू तोच, फक्त पायांवरचा भार बदलला.

सरावाचं थोडक्यात. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मॉस्कोत सराईत कामगारांचे हातोड्याचे घाव चित्रित केले. हातोडा दरवेळी जवळपास त्याच वाटेने जाई. खांदा, कोपर, मनगट मात्र दर घावाला वेगळे हलत. एकच हुकूम घोटला असता तर असं झालं नसतं.

मेंदूला मोडीत काढायचं नाहीये. रस्ता आता ओलांडायचा की थांबायचं, हे गुडघा ठरवत नाही. पण नुसत्या हुकमावर काय होतं, ते इयन वॉटरमन या ब्रिटिश माणसाने भोगलं. १९७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, आजारपणात त्याची मानेखालची स्पर्शाची आणि हातपाय कुठे आहेत याची जाण गेली. मेंदू शाबूत, स्नायू शाबूत, हुकूम पोहोचत होते. तरी उभं राहता येईना. पुढे डोळ्यांनी स्वतःच्या पायांकडे बघत तो पुन्हा चालायला शिकला. दिवे गेले की मात्र जागीच कोसळे.