अलवर, १९५६ आणि आत्याचा बंद कूलर

परवा सकाळी इंदूरच्या रामबागेतून आत्याच्या शेजारणीचा फोन आला. दूधवाला दोनदा बेल वाजवून गेला, आत्या दार उघडत नाही. मी पोचेपर्यंत तिनं दार उघडलं होतं, पण जीभ सुकलेली, डोकं गरगरत होतं आणि कूलर बंद. बिघडलेला नव्हे, बंद केलेला. टाकी काठोकाठ भरलेली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तिची लघवी होण्याची गोळी दोन दिवस थांबवली आणि रात्रभर पाणी का प्यायली नाहीस म्हणून झापलं. तिनं उत्तरादाखल मोबाइल पुढे केला.

"तापमानवाढीचं थोतांड" नावाचा मेसेज. भिशीच्या, सोसायटीच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरून तिच्यापर्यंत तीनदा आलेला. इंदूरमध्ये ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्यांतल्या निम्म्या लोकांकडे तो असणार. म्हणणं असं: राजस्थानातल्या अलवरला १९५६ मध्येच पारा पन्नासच्या वर गेला होता, मग आता नवीन ते काय. सव्वाशे वर्षांत जेमतेम पाऊण अंश वाढला, तोही शहरातल्या सिमेंटमुळे. बाकी खेळ सूर्याच्या अंतराचा. जानेवारीत थंडी पडतेच ना? हा सगळा एसी-कूलरवाल्यांचा धंदा आहे. आणि शेवटी सल्ला: आपल्या लोकांना उन्हाची सवय आहे, मालव्याच्या रात्री आजही गार असतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी कूलर लावू नये आणि गार पाणी पिऊ नये, मेंदूच्या शिरा फुटतात.

खाली सही "एक वरिष्ठ शास्त्रज्ञ". नाव नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली मी, बिननावाच्या सहीवर आम्ही पन्नास रुपयेसुद्धा दिले नसते.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण सलाइन त्यानं लावायला लावलं. गार पाण्यानं शिरा फुटत नाहीत. उलट उष्माघाताचा रोगी दवाखान्यात आला की अंगाचं तापमान झटपट उतरवायला त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवतात, नाहीतर अंगावर पाणी मारून पंखा लावतात. शिरा फुटत असत्या तर डॉक्टरांनी हे केलं असतं? वय वाढलं की तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी उतरतं. अशा बाईला "कूलर नको, गार पाणी नको" म्हणून सांगणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणायचं की काय म्हणायचं, ते इथे लिहीत नाही.

आता मालव्याच्या रात्री. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची ती गार रात्र, आम्हालाही प्रिय आहे. आत्या लहानपणी गच्चीवर झोपायची आणि पहाटे चादर ओढायची, हे मी शंभरदा ऐकलंय आणि ते खरंही आहे. इंदूर पठारावर आहे, साडेपाचशे मीटरच्या आसपास. आभाळ निरभ्र असलं की उघडी जमीन रात्री झपाट्यानं निवते. पण आत्या आता उघड्या जमिनीवर राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहते, वर थेट स्लॅब, पश्चिमेला भिंत. त्याच रात्री अकरा वाजता मी त्या भिंतीला हात लावून पाहिला. इस्त्री बंद करून दहा मिनिटं झाल्यावर लागते तशी लागत होती. बाहेरच्या रस्त्यावर झुळूक होती, आणि आत ही भिंत दिवसभर जमवलेलं ऊन परत करत बसलेली. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्याचं गुपित. तो बंद कधी करायचा? पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की. भर मे महिन्यात नव्हे.

"आपल्या लोकांना सवय आहे" याचा तर मला फार राग येतो. अहमदाबादच्या लोकांना उन्हाची सवय नव्हती? मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेली. नंतर शहराच्या मृत्युनोंदी तपासून काढलेला आकडा आहे हा. त्यातूनच २०१३ मध्ये त्या महापालिकेनं उन्हाळ्यासाठी कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. सवयीवर भागलं असतं तर महापालिकेनं हा खटाटोप कशाला केला असता?

अलवरकडे येतो. आकडा खरा आहे. १० मे १९५६, ५०.६ अंश. मेसेजमधली बहुधा ही एकच ओळ कुणीतरी नीट पाहून लिहिली. (तो विक्रम १९ मे २०१६ला राजस्थानातल्याच फलोदीत ५१ अंशांनी मोडला, हे मात्र सोयीस्करपणे गाळलंय.) पण एका गावचा एक दिवस घेऊन देशाचं वर्ष मोजता येत नाही. बँकेत सरासरी शिल्लक काढताना हे रोज दिसायचं. लग्नाचे पैसे म्हणून एखाद्याच्या खात्यात एक दिवस चार लाख येतात, दुसऱ्या दिवशी मंडपवाला घेऊन जातो. तिमाहीची सरासरी जागची फारशी हलत नाही. सरासरी हलायची तर रोजची शिल्लक वाढायला लागते. देशाचं वार्षिक तापमान म्हणजे असंख्य ठिकाणच्या ३६५ दिवसांची आणि ३६५ रात्रींची सरासरी. १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण वर्ष २०२४, त्याखाली २०१६, २००९, २०१० आणि २०१७. पहिल्या पाचांत १९५६ नाही. पाचही वर्षं या शतकातली आहेत.

आणि "जेमतेम पाऊण अंश". भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी तयार केलेला. त्यात देशाच्या सरासरी तापमानातली १९०१ ते २०१८ मधली वाढ सुमारे ०.७ अंश दिली आहे, म्हणजे मेसेजवाल्यानं आकडा बरोबर उचलला. पुढचं वाक्य मात्र नाही उचललं: ही वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे आहे, आणि हवेतल्या धुरा-धुळीच्या कणांनी व जमिनीच्या वापरातल्या बदलांनी तिला काहीसं झाकून ठेवलं आहे. थोडक्यात, धुरकं नसतं तर आकडा याहून मोठा दिसला असता. शिवाय वर्षातला सर्वांत तापलेला दिवस १९८६ ते २०१५ या तीस वर्षांतच ०.६३ अंशानं वर गेला, हेही त्याच अहवालात आहे.

इथे माझीही एक चूक कबूल करतो. दिवसापेक्षा रात्री जास्त तापल्या असणार, असं मी भाचीला ठासून सांगितलं होतं. हवामान खात्याचं २०२४ चं निवेदन पाहिलं तर देशाच्या वार्षिक हिशेबात उलटं आहे: दिवसाचं कमाल तापमान शंभर वर्षांमागे ०.८९ अंशानं चढतंय, रात्रीचं किमान ०.४६ नं. चढतायत दोन्ही, पण भाचीची माफी मागावी लागली.

सिमेंटचा मुद्दा अर्धा खरा आहे, वर भिंतीबद्दल मीच लिहिलंय. शहरं जास्त तापतात. उपकरणंही चुकतात. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या मुंगेशपूरचे ते गाजलेले ५२.९ अंश सेन्सरच्या दोषाचे निघाले, सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता, आणि ते हवामान खात्यानंच तपासून जाहीर केलं. पण वर सांगितलेल्याच अहवालात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातल्या पृष्ठभागाचं पाणी १९५१ ते २०१५ दरम्यान सरासरी १ अंशानं तापल्याची नोंद आहे. समुद्रावर कुणी स्लॅब टाकला?

उरलेल्यांवर शाई कशाला घालवू? पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी. म्हणजे सूर्य जवळ असतो तेव्हा आपण रजईत असतो. जानेवारीची थंडी हा जानेवारीचा पुरावा आहे, शतकाचा नाही. आणि कूलरवाले उन्हाळ्यावर कमावतात, तसे छत्रीवाले पावसावर कमावतात. पाऊस ते पाडत नाहीत.

हे सगळं मी आत्याला संध्याकाळी कूलरसमोर बसून वाचून दाखवलं. माठातलं पाणी पीत तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे अलवरचा आकडा खरा होता?"

"हो आत्या, तो खरा होता."

"मग तू सगळंच खोटं म्हणून का सांगत होतास सकाळी," म्हणाली, आणि कूलरचा वेग एकनं वाढवला.